तांब्याच्या भावात विकलेली वीज

१/ मालगाडी विजेवर चालवावी की डिझेलवर? या प्रश्नाचे उत्तर हिशेब किती वर्षांचा मांडला यावर अवलंबून असते. अमेरिकेतील ‘मिलवॉकी रोड’ या रेल्वे कंपनीने हा हिशेब दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले.

२/ १९०९ मध्ये कंपनीचा मार्ग प्रशांत महासागराच्या किनाऱ्याशी जोडला गेला. वाटेत पाच पर्वतरांगा होत्या. माँटाना राज्यातील कडाक्याच्या हिवाळ्यात वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरांत पुरेशी वाफ तयार होत नसे आणि जड मालगाड्या चढावर अडून पडत.

३/ उपाय त्याच भूमीत होता. माँटानात तांब्याच्या खाणी होत्या, नद्यांवर जलविद्युत केंद्रे होती. १९१५ पासून कंपनीने टप्प्याटप्प्याने सुमारे १,०५० किलोमीटर मार्गावर ३,००० व्होल्टच्या वीजतारा उभारल्या.

४/ लाभ तत्काळ दिसले. थंडीचा अडसर दूर झाला. उतारावर इंजिनाच्या मोटारी जनित्रांचे काम करीत. त्यामुळे गाडी आवरली जाई, ब्रेकची झीज कमी होई आणि निर्माण झालेली वीज पुन्हा तारेत जाई.

५/ मात्र खांब, तारा आणि उपकेंद्रे यांचा भार स्थिर असतो. दिवसाला दोन गाड्या धावोत वा वीस, तो टळत नाही. शिवाय दोन विद्युत विभागांमधील सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यावर तारा कधीच पडल्या नाहीत. तेथे इंजिने बदलावी लागत.

६/ दुसऱ्या महायुद्धानंतर डिझेल इंजिनांचा प्रसार झाला. त्यांना तारा नकोत, उपकेंद्रे नकोत. एकच इंजिन सलग संपूर्ण मार्ग धावू शके. आणि गरजेपुरतीच इंजिने विकत घेता येत.

७/ १९७० च्या दशकारंभी विद्युत यंत्रणा पन्नाशी ओलांडून जीर्ण झाली होती, तर भंगार तांब्याला चांगला भाव होता. १९७३ मध्ये कंपनीने तारा उतरवून विकण्याचे ठरवले.

८/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली. काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. तरीही निर्णय फिरला नाही. जून १९७४ मध्ये शेवटची विद्युत मालगाडी धावली.

९/ डिसेंबर १९७७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली; १९८० मध्ये पश्चिमेकडील बहुतांश मार्गच सोडून दिला गेला. याचे खापर केवळ डिझेलवर फोडता येणार नाही. अपुरी मालवाहतूक, कर्जाचा बोजा आणि रुळांची हेळसांड ही कारणे जुनीच होती.

१०/ डिझेलचा खर्च आरंभी कमी असतो, पण तो तेलाच्या बाजारभावाशी कायमचा बांधलेला असतो. विजेचा खर्च आधी करावा लागतो आणि भरपूर वाहतूक असेल तरच तो अनेक वर्षांत भरून निघतो. मिलवॉकी रोडने तो खर्च कधीच करून ठेवला होता. विकताना तिने तारांचे मोल केले ते भंगाराच्या वजनावर. त्या तारांमुळे न जळणाऱ्या तेलाची किंमत त्या हिशेबात आलीच नाही.