धुऊन गेलेल्या खळीचा इतिहास कसा लिहायचा?

गोधडी तुम्ही पांघरली असेल. पण ती शिवताना आतले थर जागेवर कसे राहतात, हा प्रश्न कधी पडलाय? जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मात्र सुई चालू लागली की थर सरकतात आणि मध्येच चुण्या पडतात. म्हणून आधी ते तात्पुरते धरून ठेवावे लागतात.

त्याचे मुख्य मार्ग तीन. वर वजन ठेवायचं, नाहीतर स्वतःच बसायचं. लांब कच्चे टाके घालायचे आणि नंतर उसवायचे. किंवा थर चिकटवायचे. अमेरिकेत क्विल्ट शिवणारे बरेच जण शाळेतला पांढरा, धुतल्यावर निघून जाणारा गोंद थोडा थोडा लावतात, इस्त्रीने सुकवतात आणि शिवून झालं की क्विल्ट धुतात. तिन्ही मार्गांत एक गोष्ट सारखी आहे: काम संपल्यावर खूण उरू नये, हाच हेतू असतो. इतिहास शोधणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते.

समजा, तुम्ही प्रश्न घेतलाय: जालना जिल्ह्यात गोधडीचे थर खळीने चिकटवत होते का? वस्तू हातात आहे, मग तपासून बघू, असं वाटेल. पण आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घराचा दसरा काढतात. घरातल्या गोधड्या, वाकळा नदीवर नेऊन आपटून धुतात. अशी वीस-तीस धुणी पाहिलेल्या गोधडीत खळ सापडली नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. 'नव्हती' आणि 'उरली नाही' यांतला फरक टिपणवहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

ही अडचण फक्त गोधडीची नाही. याच जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात सातवाहन काळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य आहे. हस्तिदंत टिकला. पण त्याच सुमारास तगर, म्हणजे आजच्या तेरहून, भरूच बंदराकडे भरपूर कापड जात होतं, हे आपल्याला 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातून कळतं. जे टिकतं, त्यावरून जे वापरात होतं त्याचा अंदाज बांधताना म्हणूनच जपून राहायचं.

आता उलट बाजू बघू. स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळा रंग येतो, हे १८१४ पासून माहीत आहे. गोधडीच्या आतल्या थरावर निळा रंग आला, तर शोध लागला का? नाही. सुती साडीला घरोघरी कांजी करतात. त्याआधी विणतानाच ताण्याच्या धाग्यांना खळ दिलेली असते. स्टार्च आहे, पण तो गोधडीसाठीच लावला होता कशावरून?

इथे 'आहे की नाही' यापेक्षा 'कुठे आहे' हा प्रश्न जास्त कामाचा. विणकराची खळ ताण्यावर असते, बाण्यावर नसते. घरची कांजी साडीभर पसरलेली असते. थर चिकटवायला लावलेली खळ मात्र दोन थरांच्या समोरासमोरच्या बाजूंवर, ठिपक्यांत किंवा पट्ट्यांत असेल, आणि दोन्हीकडचे डाग एकमेकांशी जुळतील. कच्च्या टाक्यांचंही तसंच: दोरा गेला, तरी कधीकधी लांब अंतरावरची रिकामी छिद्रं राहतात. काळ ठरवायला रसायनाची मदत होते. खळ कोणत्याही शतकातली असू शकते. पांढऱ्या गोंदाचं तसं नाही. त्याचा मुख्य घटक पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. त्याचा शोध जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ साली लावला. आपल्याकडे घराघरात पोचलेलं फेव्हिकॉल तर १९५९ चं.

मग नमुना कुठला निवडायचा? संग्रहालयात मांडलेली सुंदर, पुरी झालेली गोधडी या प्रश्नाला सगळ्यात कमी उपयोगी. तुम्हाला हवी ती अर्धवट राहिलेली, एकदाही न धुतलेली, ट्रंकेच्या तळाशी पडलेली गोधडी. आणि ती शिवणारी बाई भेटली तर 'खळ लावायचात का?' असं विचारू नका, उत्तर तुम्हीच दिल्यासारखं होईल. 'थर सरकू नयेत म्हणून काय करायचात?' एवढंच विचारा. जमलं तर चार जुनेर समोर ठेवा आणि त्यांचे हात काय करतात ते बघा.

तुमचा विषय कुठलाही असो, आराखडा लिहिण्याआधी एक यादी करा: या प्रक्रियेत कोणत्या गोष्टी मुद्दाम पुसल्या जातात? तुमचा नमुना त्या यादीवरून ठरेल.