नदीपलीकडील भाऊबंद

चेन्नईहून तंजावरास आगगाडीनें जाणें सोयीचें. परंतु आम्ही पतिपत्नींनीं भाड्याची मोटार केली, कारण वाटेंत मला दोन स्थळें पाहावयाचीं होतीं आणि शेवटीं एका पत्राचें उत्तर पोहोंचवावयाचें होतें. पत्र १९२१ सालचें. तंजावरीं स्थायिक झालेल्या आमच्या एका भाऊबंदानें माझ्या पणजोबांस मोडींत लिहून श्राद्धकर्मासाठीं घराण्याची वंशावळ मागितली होती. पणजोबांनीं त्याच्या पाठीवर ‘वांटणीचा हेतु दिसतो, उत्तर देऊं नये’ असा शेरा मारून तें पेटींत टाकिलें. गेल्या वर्षीं ती पेटी उघडण्याचें माझ्या वांट्यास आलें.

पहिला मुक्काम जिंजी. तीन टेंकड्या तटानें एकत्र गुंफून केलेला हा किल्ला शिवाजीमहाराजांनीं १६७७ त घेतला आणि तेथेंच पुढें राजारामानें मोंगलांचा वेढा सोसून १६९८ पर्यंत मराठी राज्याचा प्राण सांभाळला. २०२५ सालीं युनेस्कोनें महाराष्ट्रांतील अकरा किल्ल्यांबरोबर यासही जागतिक वारशांत स्थान दिलें. राजगिरीच्या अर्ध्या चढणीवर माझ्या गुडघ्यांनीं तह मागितला. सौभाग्यवती मात्र माथ्यापर्यंत जाऊन आल्या.

दुसरें स्थळ कोल्लिडम नदीच्या उत्तर तीरावरील तिरुमळपाडी. आपल्या ग्रंथांतील तिरुमलवाडी ती हीच. येथें देवळांत दरवर्षीं नंदीचें लग्न थाटानें लागतें. आमच्या इतिहासांत मात्र हें गांव भावांच्या ताटातुटीचें. १६७७ च्या जुलैंत शिवाजीमहाराज आणि त्यांचे सावत्र बंधु व्यंकोजी येथें भेटले. महाराजांनीं वडिलार्जित दौलतीचा अर्धा वांटा मागितला. कांहीं दिवस बोलणीं झालीं आणि एके रात्रीं व्यंकोजींनीं कोणास न कळवितां नदी ओलांडून तंजावर गांठलें. ‘भ्याला आणि पळाला’ असें मींही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. परंतु नदीकांठीं उभें राहिल्यावर मला तें सांगणें फार उतावीळपणाचें वाटूं लागलें. शहाजीराजे १६६४ त निवर्तले. तंजावर व्यंकोजींनीं त्यानंतर दहाबारा वर्षांनीं हस्तगत केलें. तेव्हां वडिलार्जित कोणतें आणि स्वकष्टार्जित कोणतें, हा प्रश्न खरोखरीच अवघड होता. दुसऱ्या बाजूनें, शहाजीराजांनीं उभारलेली फौज आणि वजन व्यंकोजींच्या पाठीशीं नसतें तर तंजावर मिळालें असतें काय? ज्याच्या घरीं वांटणीचा दावा चालला आहे त्यास दोन्हीं बाजू ओळखीच्या वाटतील.

पुढें महाराजांनीं कोल्लिडमच्या उत्तरेकडील मुलूख घेतला, उभय पक्षांत लढाईहि झाली. शेवटीं तह झाला तेव्हां बंगळूर, होसकोटें इत्यादि महाल महाराजांनीं व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठीं म्हणून दिले. भावाशीं जें जमलें नाहीं तें भावजयीच्या नांवानें जमविलें. मला या प्रकरणांत महाराजांचा मोठेपणा वांटा मागण्यापेक्षां या कलमांत अधिक दिसतो.

तंजावरास पोहोंचल्यावर प्रथम बृहदीश्वराचें दर्शन घेतलें. राजराज चोळाचें हें देऊळ १०१० मधील. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसल्यांचा वंशेतिहास मराठींत कोरविला. शिवाजीमहाराजांसहि त्यांत स्थान आहे. तामिळ यात्रेकरू त्या अक्षरांवरून सहज हात फिरवून पुढें जातात. १८५५ त गादी खालसा झाली, दगड राहिला. खिशांतील वंशावळीच्या कागदाला हात लावून मीं मनाशीं म्हटलें, राजास जें दगडावर कोरवून ठेवितां आलें तें आमच्या भाऊबंदास एका टपालाच्या पाकिटांतहि मिळालें नाहीं.

त्यांचें घर पश्चिमेकडील एका गल्लींत आहे. घरांतील वडील माणूस म्हणजे नात्यानें माझ्या काकू, वय ऐंशींच्या पुढें. त्यांची मराठी तामिळ हेलाची, पण तींत आमच्या घरांतून केव्हांच गेलेले शब्द नांदत होते. मीं पणजोबांचा शेरा वाचून दाखविला. तो लपवावा असें सौभाग्यवतींचें मत होतें. काकूंनीं ऐकलें, हंसल्या नाहींत आणि रागावल्याहि नाहींत. आमच्या सौभाग्यवतींनीं आणलेला खण मात्र त्यांनीं दोन्हीं हातांनीं घेतला आणि घडी मोडून उजेडांत धरिला. मग वंशावळ नातवाकडून मोठ्यानें वाचून घेतली. पत्र लिहिणाऱ्या त्यांच्या आजेसासऱ्यांचें नांव त्यांत नव्हतें. तें तेथेंच बसून मीं माझ्या हातानें लिहिलें.

“तुमच्या परसांत आड होता म्हणून सासूबाई सांगत,” त्या म्हणाल्या. “पाणी गोड आहे कीं?”

आड बुजवून त्या जागीं चार मजली इमारत उभी राहिली आहे, हें मला त्यांस सांगावें लागलें.