विझलेल्या दिव्याचं दफ्तर

चाकणच्या रस्त्यावर डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिन-दिवा लागतो आणि पिंपरीतलं गॅरेज येईपर्यंत विझतो. मेकॅनिकने कुणाचं ऐकायचं? जुन्या गाड्यांत पर्याय नव्हता. ऑइलचा दिवा थेट प्रेशर स्विचला जोडलेला. विझला की उरायची फक्त चालकाची साक्ष.

१ एप्रिल २०१० ला पुण्यासह १३ शहरांत भारत स्टेज ४ लागू झालं, सोबत ओबीडी आलं, म्हणजे गाडीनेच आपले दोष नोंदवायचे. २०१३ पासून ओबीडी-२. हेतू धुरावर नियंत्रण, पण तयार झालं एक दफ्तर! दोष पुन्हा दिसला नाही तर साधारण तीन फेऱ्यांनी दिवा विझतो. कोड मात्र इंजिन ४० वेळा तापेपर्यंत राहतो, त्या क्षणीच्या वेग-तापमानासकट. तेव्हा दिवा विझला तरी स्कॅनर लावून घ्या. ‘बॅटरी काढून परत लाव’ हा सल्ला मला तरी पटत नाही, कारण अनेक गाड्यांत त्याने नोंदच पुसली जाते.

संशोधनाला बसणाऱ्यांनी एक बघा. ही नोंद धुरासाठी ठेवलेली, त्यामुळे ‘ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल तुटला’ एवढंच ती बोलते. खड्ड्यात आदळल्यावर तुटला की पावसात, हे चालकालाच विचारावं लागतं. मग मेकॅनिक इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून बघतो.