कान्हेरीचा निवास : पावसाळी कीं बारमाही?

(१) आषाढ लागला कीं बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत लोकांची रीघ सुरू होते. कान्हेरीच्या डोंगरांमधून उतरणारा ओढा भरून वाहूं लागतो, काळ्या खडकावरून जागोजाग धबधबे पडतात, आणि ते पाहावयास आलेली मंडळी सायंकाळीं दार बंद होण्यापूर्वीं परततात. लेण्यांत रात्रीचा मुक्काम करण्यास आज मुभा नाहीं. परंतु याच डोंगरांत सुमारें हजार वर्षें माणसांनीं मुक्काम केला, आणि त्यासाठीं शंभरांहून अधिक लेणीं खोदविलीं. येथील शिल्प, लिपि व दात्यांचीं नांवें यांचा विचार विद्वानांनीं पुष्कळ केला आहे. येथें कोण, कोणत्या ऋतूंत व कोणत्या सोयीनें राहत असे, हा विचार त्या मानानें थोडा झाला. तोच प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

(२) लेणीं हीं भिक्षूंचीं पावसाळी आश्रयस्थानें होत, चातुर्मास संपला कीं भिक्षु चारिकेस निघत व लेणीं ओस पडत, असा सर्वसाधारण समज आहे. तो निराधार नाहीं. वर्षावासाचा नियम विनयपिटकाच्या महावग्गांत सविस्तर आला आहे. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, अथवा त्यानंतर एक महिन्यानें, भिक्षूनें एका ठिकाणीं वास धरावा व तीन महिने तेथून हलूं नये, असें तो सांगतो. वास कोठें धरूं नये याचीही यादी तेथें आहे : झाडाच्या ढोलींत नको, फांद्यांच्या बेचक्यांत नको, उघड्यावर नको, छत्रीखालीं नको, रांजणांत नको, आणि शयनासनावांचून तर नकोच. कोणी ना कोणी या प्रत्येक जागीं राहून पाहिलें असल्यावांचून असा निषेध सांगण्याचें कारण पडलें नसतें!

(३) शयनासन म्हणजे निजण्याबसण्याची जागा. ती कोणास कोणती द्यावी, यासाठीं संघ एका भिक्षूची नेमणूक करी. त्याची रीत चुल्लवग्गांत दिली आहे. त्यानें प्रथम भिक्षु मोजावे, मग शय्या मोजाव्या, आणि नंतर वांटणी करावी. याच प्रकरणांत सारिपुत्ताची कथा येते. कांहीं भिक्षूंच्या शिष्यांनीं पुढें धांवत जाऊन सगळ्या जागा अडविल्या, आणि सारिपुत्तासारख्या थोर स्थविरास झाडाच्या मुळाशीं रात्र काढावी लागली. त्यावरून ज्येष्ठतेचा क्रम पाळावा, असा उपदेश झाला. मुक्कामाच्या जागेसाठीं धांवाधांव करण्याची खोड नवी नाहीं, एवढें यावरून दिसतें.

(४) आमच्या प्रश्नास अधिक उपयोगी असा नियम याच्या पुढें आहे. भिक्षु एकदां मिळालेली जागा कायम अडवूं लागले, तेव्हां ती पावसाळ्याचे तीन महिनेच राखावी, ‘उतुकालां’त म्हणजे उरलेल्या ऋतूंत राखूं नये, असें ठरविण्यांत आलें. नियम करावा लागला, त्याअर्थीं पावसाळ्याबाहेरही भिक्षु विहारांत राहत होते व येणाऱ्यांस जागा लागत होती, हें उघड आहे. यांतील ‘उतुकाल’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण तो पुढें कान्हेरीच्या खडकावर पुन्हां भेटणार आहे.

(५) आतां प्रत्यक्ष डोंगराकडे वळूं. येथील खडक घट्ट काळ्या पाषाणाचा नसून ज्वालामुखीच्या तुकड्यांनीं जमलेला, जाडाभरडा आहे. ओढ्याच्या दोन्ही अंगांस, पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा उंचीवर, लहान लहान लेणीं ओळीनें खोदलीं आहेत. त्यांचा नमुना बहुधा ठरलेला : पुढें अंगण, मग ओसरी, आंत बसण्याचे ओटे, एखादी कोठडी, आणि अंगणाच्या बाजूस पाण्याचें टाकें. एका लेण्यापासून दुसऱ्याकडे जाण्यास खडकांतच पायऱ्या कोरल्या आहेत. शिलालेखांत या टाक्यास ‘पोढि’ म्हटलें आहे, आणि ‘लेण’ व ‘पोढि’ हे दोन शब्द दानलेखांत पुनःपुन्हां जोडीनें येतात. कल्याण, सोपारें व चेऊल येथील दाते नुसतें लेणें देऊन थांबत नाहींत. लेण्याबरोबर पाणीही देतात.

(६) येथें एक साधा विचार करावा. ज्या डोंगरावर चार महिने पाण्याच्या धारा लागलेल्या असतात, तेथें केवळ पावसाळ्यापुरत्या राहणाऱ्यास खडक फोडून टाकें करण्याची गरज काय? दाराशीं भांडें ठेविलें तरी तें भरेल. टाकें लागतें तें ओढा आटल्यानंतर. म्हणजे जेथें टाकें आहे, तेथें पाऊस गेल्यावरही राहण्याचा हेतु होता, असें म्हणणें प्राप्त आहे. पाणी सांठविण्याचें या डोंगराचें काम पुढेंही चालूं राहिलें. याच्या आसपास १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव पुरे होऊन मुंबईस पाणी जाऊं लागलें. प्राचीनांनीं घरोघरीं केलें तें अर्वाचीनांनीं एका शहरासाठीं केलें.

(७) उलट बाजूचा पुरावाही अलीकडे हातीं आला आहे. डॉ. सूरज पंडित यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या पाहणींत याच उद्यानांत सात लेणीं नव्यानें आढळलीं, व तें वृत्त २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. हीं लेणीं रचनेनें अगदीं साधीं असून त्यांस पाण्याचीं टाकीं नाहींत. म्हणून तीं कान्हेरीच्या मुख्य समूहाहून जुनीं व पावसाळी निवासाचीं असावीं, असें अनुमान शोधकांनीं केलें आहे. तें आम्हांस योग्य वाटतें. टाक्याचा अभाव जर पावसाळी वस्तीची खूण, तर टाक्याचें अस्तित्व हें बारमाही वस्तीची खूण मानलें पाहिजे. एकाच न्यायानें दोन्हीकडे निर्णय करावा.

(८) ऋतूवरून मुक्काम ठरतो, हा नियम सर्व जलस्थानांस लागू आहे. आफ्रिकेंतील झांबेझी नदीचा महाप्रपात डेव्हिड लिव्हिंग्स्टन यानें नोव्हेंबर १८५५ मध्यें पाहिला. प्रवाहाच्या वरच्या बाजूस कलाई बेटावर तो राहिला आणि दुसऱ्या दिवशीं होडींतून थेट प्रपाताच्या कड्यावरील बेटास लागला. नदीस पाणी कमी होतें म्हणूनच हें साधलें. पुराच्या दिवसांत त्या बेटाकडे होडी नेणें शक्य नसतें. हाच लिव्हिंग्स्टन १८६४ सालीं आपली आगबोट घेऊन मुंबईस आला होता. जागा तीच, परंतु महिना बदलला कीं ती मुक्कामास योग्य किंवा अयोग्य ठरते. कान्हेरीच्या भिक्षूंस हें दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं ठाऊक होतें.

(९) निवासाच्या खर्चाची व्यवस्था कशी होती, हें नाशिकच्या लेखावरून फार स्पष्ट समजतें. नहपानाचा जामात उषवदात यानें वर्ष ४२ मध्यें ३००० कार्षापणांची अक्षयनीवि केली. त्यांपैकीं २००० विणकरांच्या एका श्रेणींत दरमहा शेंकडा १ पडिक व्याजानें, आणि १००० दुसऱ्या श्रेणींत पाऊण पडिक व्याजानें ठेविले. पहिल्या रकमेंतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरिक, म्हणजे वस्त्रांचा खर्च, द्यावयाचा होता. पडिक म्हणजेच कार्षापण असें धरिलें तर २००० चें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि २० भिक्षूंस १२ प्रमाणें २४०च लागतात. हिशेब दिडकीचाही फरक न पडतां जुळतो. दुसऱ्या रकमेचें व्याज ९० येतें; तें ‘कुशणमूल’ म्हणून लाविलें आहे, व त्या शब्दाच्या अर्थाविषयीं मतभेद आहेत.

(१०) कान्हेरीच्या लेखांतही अक्षयनीवि व चीवरिक हे शब्द आहेत. परंतु त्यांत आणखी एक गोष्ट आढळते. चीवरिकाखेरीज भिक्षूस ‘उतुकाले’ दरमहा एक पडिक द्यावा, अशी तरतूद येथें दिसते. या शब्दाचा अर्थ कोणी उन्हाळा असा करितात. विनयांतील प्रयोगाशीं ताडून पाहिल्यास पावसाळ्याबाहेरचा काळ असा त्याचा अर्थ आम्हांस अधिक सरळ वाटतो. कोणताही अर्थ घेतला तरी निष्कर्ष बदलत नाहीं. दात्यानें पैसे बाजूस ठेविले ते पावसाळा सोडून इतर महिन्यांसाठीं. तेव्हां त्या महिन्यांत लेण्यांत कोणीतरी राहत होतें. टाक्यानें जें अनुमान होतें तेंच लेखानें सिद्ध होतें.

(११) उत्तरकाळीं तर हें स्थान दूरदूरच्या लोकांचें मुक्कामाचें ठिकाण झालें. डॉ. जेम्स बर्ड यांस १८३९ सालीं येथील एका स्तूपांत जो ताम्रपट मिळाला, तो त्रैकूटकांच्या वेळचा, संवत्सर २४५ चा आहे. त्यांत या स्थानास कृष्णगिरि महाविहार म्हटलें असून दाता बुद्धरुचि हा सिंधु देशाचा आहे. शिलाहारांच्या अमदानींतील लेखांत ग्रंथांसाठीं द्रव्य ठेविल्याचा उल्लेख सांपडतो. पोथ्यांच्या संग्राहकांस हें वाचून समाधान वाटेल. या दमट डोंगरांत पोथी राखावयाची तर तिची निगा वर्षभर ठेविली पाहिजे. चार महिने राहून निघून जाणाऱ्यांस तें जमणारें नव्हे. दुसऱ्या कपर्दीच्या वेळचे शके ७७५ व ७९९ चे लेख भिक्षूंस राहावयास योग्य अशा वास्तूंचा व वस्त्रांसाठीं ठेविलेल्या द्रम्मांचा निर्देश करितात. त्या दात्यांपैकीं अविघ्नाकर हा गौड देशांतून आलेला होता. बंगालचा उपासक कोंकणच्या डोंगरांत निवासाची सोय करितो, ही गोष्ट लहान नव्हे.

(१२) ९० क्रमांकाच्या लेण्यांतील पहलवी लेख याच मालिकेंत बसतात. यज्दगर्दी सन ३७८ व ३९० चे, म्हणजे इसवी सन १००९ व १०२१ चे, हे लेख असून त्यांत जरथुष्ट्री यात्रेकरूंचीं नांवें खोदलेलीं आहेत. त्यांच्या तिथी पावसाळा ओसरल्यानंतरच्या पडतात. वाटा सुकल्या आहेत, टाकीं मात्र कांठोकांठ भरलेलीं आहेत. पाहुण्यास याहून चांगला हंगाम कोणता?

(१३) सारांश, कान्हेरीच्या लेण्यांस सरसकट पावसाळी आश्रयस्थानें म्हणणें चुकीचें आहे. टाकें नसलेलीं साधीं लेणीं पावसाळी असावींत. टाकें असलेलीं लेणीं बारमाही निवासाचीं होत. आणि मोठे मंडप व चैत्य हीं सर्वांच्या एकत्र येण्याचीं स्थानें. या भेदावांचून येथें एका वेळीं किती भिक्षु राहत याची गणना करणें व्यर्थ आहे, कारण कोठड्या मोजून आलेली संख्या पावसाळ्याची कीं उन्हाळ्याची, हेंच ठरत नाहीं.

(१४) म्हणून इतिहासभक्तांस आमची सूचना आहे कीं, त्यांनीं लेख व मूर्ति यांबरोबर टाक्यांचेंही टिपण करावें. प्रत्येक लेण्यापुढें टाकें आहे कीं नाहीं, असल्यास त्याची लांबी, रुंदी व खोली किती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, जवळ लेख आहे काय, एवढीं कलमें पुरेत. हें काम पावसाळ्यांत करून उपयोग नाहीं; तें वैशाखांत करावें. गाळानें भरलेलें टाकें खांच समजून सोडून दिलें जातें, आणि या भरड खडकावरील अक्षरें पावसागणिक झिजत आहेत. जें आज मोजतां येतें तें आजच मोजून ठेवणें इष्ट होय.