परभणी जिल्ह्यातील पीकविमा

दुष्काळ, पावसातील खंड, अतिवृष्टी, पूर आणि कीड-रोग यांमुळे होणाऱ्या पीकहानीची भरपाई विमा कंपनीमार्फत करण्याची व्यवस्था. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम व पूर्णा या नऊ तालुक्यांत ती लागू आहे. खरिपात सोयाबीन, कापूस व तूर, तर रब्बीत ज्वारी व हरभरा ही जिल्ह्याची प्रमुख पिके होत.

पूर्वपीठिका : अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली क्षेत्राधारित पीकविम्याची मांडणी केली. शेतागणिक नुकसान मोजणे खर्चाचे व वादाचे ठरते. त्याऐवजी एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजून त्यातील सर्व विमाधारकांना समान दराने भरपाई द्यावी, हे तिचे सूत्र. १९८५ची समग्र पीकविमा योजना आणि १९९९च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना याच सूत्रावर उभ्या राहिल्या. २०१६च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना सुरू झाली. तीत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के व नगदी पिकांना कमाल ५ टक्के ठेवण्यात आला. उरलेला हप्ता केंद्र व राज्य शासनाने भरावयाचा. कर्जदार शेतकऱ्यांवरील विमा घेण्याची सक्ती २०२०मध्ये उठली.

भरपाईचे गणित : मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने (त्या पिकासाठी ठरलेल्या टक्केवारीने) गुणून ‘उंबरठा उत्पन्न’ काढतात. महसूल मंडळातील (काही गावांच्या महसुली गटातील) पीक कापणी प्रयोगांतून हंगामाचे प्रत्यक्ष उत्पन्न ठरते. उदाहरणार्थ, उंबरठा हेक्टरी १,००० किलो व प्रत्यक्ष उत्पन्न ७५० किलो असेल, तर विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई मिळते. दुष्काळ लागोपाठ पडले, तर सरासरीच खाली येते, उंबरठा उतरतो आणि ज्या वर्षी आधाराची गरज अधिक, त्याच वर्षी भरपाई आटते. ओढ्याकाठचे शेत वाहून गेले, पण मंडळाची सरासरी टिकली, तर त्या शेतकऱ्याला या गणितात काहीच मिळत नाही. त्यासाठी ‘स्थानिक आपत्ती’ ही वैयक्तिक पंचनाम्याची तरतूद होती. नुकसानीची सूचना ७२ तासांत देणे बंधनकारक होते.

२०१७चा खरीप व वाद : सोयाबीनच्या भरपाईवरून जिल्ह्यात आंदोलने झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१८मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, सुमारे २.८० लाख सोयाबीन उत्पादकांनी १९.२ कोटी आणि केंद्र व राज्याने प्रत्येकी ७७ कोटी रुपये हप्ता भरला; कंपनीकडून ३० कोटी रुपये भरपाई मिळाली. कंपनीने यात नफा कमावला, या आक्षेपावर एका हंगामावरून विम्याचा नफा ठरवता येत नाही, असा प्रतिवाद विमाशास्त्रात केला जातो.

नंतरचे बदल : कंपनीच्या नफा-तोट्याला मर्यादा घालणारे ‘बीड प्रारूप’ (८०:११०) २०२०मध्ये बीडला आले व २०२२च्या खरिपापासून राज्यभर लागू झाले. भरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी असल्यास कंपनीने २० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून उरलेली राज्याला परत करावयाची. ११० टक्क्यांवरील भार राज्याने उचलावयाचा. २०२३च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता केवळ एक रुपया झाला. २०२५च्या खरिपात ही सवलत संपली, स्थानिक आपत्तीसह इतर निकष वगळले गेले आणि कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पन्नावर भरपाई ठरू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात महापूर आले, तेव्हा वैयक्तिक पंचनाम्याची ती तरतूद उरली नव्हती.



मूल्यमापन : भरपाई वेळेत हाती पडली, तरच पुढच्या पेरणीला सावकाराचे दार टळते. ही भरपाई आता उत्पन्नाच्या आकड्यांवरच ठरते, म्हणून या व्यवस्थेचा कणा कापणी प्रयोग हाच आहे. तो गावकऱ्यांसमक्ष, ठरल्या प्लॉटमध्ये व्हावा, उत्पन्नाचे आकडे मंडळनिहाय जाहीर व्हावेत आणि विम्याचे क्षेत्र मंडळावरून गावापर्यंत उतरावे. त्याखेरीज कंपनी, शासन व शेतकरी यांच्यात विश्वास बसणे कठीण आहे.