घरच्या संगणकाचा जाहीर पत्ता

यवतमाळ–धामणगाव मार्गावरील बाभुळगाव हे ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचे जन्मगाव, मात्र त्यांचे दैनिक १९७१ मध्ये निघाले ते नागपुरातून, कारण दैनिकाला लागणारा छापखाना, बातम्यांच्या तारा आणि वितरणाची साखळी यांची जुळणी त्या काळी मोठ्या शहरात सोपी असे. संकेतस्थळाने प्रकाशनावरील ही शहराची अट तत्त्वतः काढून टाकली. तरीही घरच्या संगणकावरील पान बाहेरच्यांना दिसणे दीर्घकाळ अवघड राहिले, आणि त्याचे मुख्य कारण इंटरनेटवरील पत्त्यांच्या टंचाईत सापडते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत पहिले संकेतस्थळ उभारले, तेव्हा त्यांच्या मेजावरचा संगणकच सर्व्हर, म्हणजे मागणी येताच पान पाठवणारे यंत्र होता. अशा यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी आयपी पत्ता हा अंकी पत्ता लागतो. आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरील संवादाच्या नियमावलीच्या, १९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीत असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य होते, आणि लक्षात राहणाऱ्या नावाची या अंकांशी सांगड घालणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये आली.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. दूरध्वनीवरून होणारी ही जोडणी फोन ठेवताच तुटे आणि पुढच्या वेळी बहुधा वेगळाच पत्ता मिळे. त्यामुळे घरी बसून दुसऱ्यांची पाने वाचता येत, पण स्वतःचे पान अखंड उपलब्ध ठेवणे व्यवहार्य नव्हते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर सदैव चालू राहणारी जोडणी घरोघरी पोहोचू लागली, तेव्हा घरातील अनेक यंत्रांनी एकच जाहीर पत्ता वाटून घेण्याची, १९९४ मध्ये मांडली गेलेली ‘नॅट’ पद्धत राउटर, म्हणजे घरातील यंत्रे इंटरनेटला जोडणारे उपकरण, याच्यामार्फत सर्वत्र रूढ झाली. या पद्धतीत घरातील यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे खासगी पत्ते मिळतात, जे बाहेरून दिसत नाहीत; म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे सेवेचा क्रमांक, नेमून ८० किंवा ४४३ या क्रमांकावर येणारी मागणी ठरावीक संगणकाकडे वळवावी लागते आणि या कृतीला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. जाहीर पत्ता बदलला की नावाची नोंदही बदलून घेणारी डायनॅमिक डीएनएस सेवा तिला पूरक ठरली. मात्र तांब्याच्या तारेवरील जोडणीत माहिती पाठवण्याचा वेग उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी असे, आणि ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमनात वीज गेली की संकेतस्थळही बंद पडे.

एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा पत्त्यांचा सर्वसाधारण साठा संपला आणि सेवापुरवठादारांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच जाहीर पत्ता देण्यास सुरुवात केली. अशा जोडणीत घरच्या राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग निष्फळ ठरते, कारण बाहेरची मागणी पुरवठादाराच्या यंत्रणेतच अडते. त्यामुळे शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे, किंवा बाहेरील सर्व्हरपर्यंत घरातूनच टनेल, म्हणजे बंदिस्त जोडमार्ग, उघडणे हे दोन उपाय उरतात.

आयपीच्या १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीने ही टंचाई मुळातून दूर केली. २०१६ पासून जिओच्या जाळ्यामुळे भारतात तिचा मोठा प्रसार झाला, आणि त्याआधीच, २०१४ मध्ये, देवनागरीतील ‘.भारत’ नावांची नोंदणी खुली झाली होती. आता प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. राउटरच्या संरक्षक भिंतीत केवळ आवश्यक पोर्ट उघडून बाकीची बंद ठेवली आणि संगणकाची प्रणाली अद्ययावत राखली, तर सहाव्या आवृत्तीची जोडणी असलेला कोणताही वाचक तेथे थेट पोहोचू शकतो.

बाभुळगावातील एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने जोडणी घेताना केवळ वेगाची चौकशी करून थांबू नये. सहाव्या आवृत्तीचा पत्ता मिळेल का आणि बाहेरून येणारी मागणी आत येऊ दिली जाईल का, हेही विचारावे, कारण गावाचे लेखन गावातूनच प्रकाशित होण्याची शक्यता या दोन उत्तरांवर ठरते.