फिटनेस बँडची बॅटरी : चार्जिंग आणि निगा

मनगटावर बांधून पावले, नाडीचे ठोके, झोप वगैरे मोजणाऱ्या पट्ट्याला फिटनेस बँड किंवा ट्रॅकर म्हणतात. त्याच्या पोटातली लिथियम-आयन बॅटरी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते आणि बहुतेक बँडांत ती वापरणाऱ्याला बदलता येत नाही. पट्टा तुटला तर नवा मिळतो, काचेवर ओरखडे पडले तरी काम चालते. पण बॅटरी गेली की बाकी सगळे शाबूत असूनही वस्तू बाद होते. म्हणून बँडची निगा म्हणजे मुख्यतः बॅटरीचीच निगा.

सुरुवातीच्या सगळ्याच ट्रॅकरना चार्जर लागत नसे. २०१२ सालच्या फिटबिट झिपमध्ये सीआर२०२५ जातीचा बटन सेल होता आणि तो चार ते सहा महिने चाले. गार्मिनच्या २०१४ सालच्या व्हिवोफिटमधले सेल वर्षभराहून जास्त टिकत. संपला की झाकण उघडून नवा घालायचा. पुढे हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून नाडी मोजणारा सेन्सर आला, रंगीत पडदा आला, फोनचे निरोप मनगटावर उमटू लागले आणि एवढी भूक बटन सेलला भागवता येईना. शाओमीच्या पहिल्या मी बँडला, २०१४ साली, पडदाही नव्हता आणि नाडीचा सेन्सरही नव्हता; ४१ एमएएचची बॅटरी महिनाभर पुरेल असे कंपनी सांगे. २०२०च्या मी बँड ५मध्ये १२५ एमएएचची, तर २०२२च्या बँड ७मध्ये १८० एमएएचची बॅटरी आली, आणि दावा मात्र दोन आठवड्यांचा उरला.

आजच्या फोनमध्ये पाच हजार एमएएचची बॅटरी सर्रास असते. तिच्या शेजारी १२५ एमएएच म्हणजे चाळिसावा हिस्सा. बँड वर्षभर चार्ज करायला लागणारी वीज एका युनिटच्या विसाव्या भागातही भागते. आकार लहान असला तरी आतले रसायन फोनच्या बॅटरीचेच आहे. ही बॅटरी सोनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

चार्ज होताना लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाऊन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. वापरताना ते परत येतात. आधी ठरावीक प्रवाहाने बॅटरी भरते. व्होल्टेज ४.२च्या आसपास (काही बॅटऱ्यांत त्याहून थोडे वर) पोचले की ते तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. ऐंशी टक्के झटपट आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळत, असे दिसते ते यामुळे. त्यात बिघाड काही नाही. हे नियंत्रण करणारे सर्किट बँडमध्येच असते. ज्याला आपण चार्जर म्हणतो ती नुसती पाच व्होल्ट पोचवणारी वायर. म्हणून साध्या यूएसबी अॅडॉप्टरने किंवा लॅपटॉपच्या पोर्टनेही काम होते आणि जलद चार्जिंगचा मोठा अॅडॉप्टर लावून बँड लवकर भरत नाही. पॉवर बँकेवर मात्र वेगळीच अडचण येते. बँड इतका थोडा प्रवाह ओढतो की काही पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून मिनिटाभरात बंद पडतात. सकाळी उठून पाहावे तर बँड होता तिथेच. अशा वेळी पॉवर बँकेत कमी प्रवाहाची सोय असेल तर ती चालू करावी, नाहीतर अॅडॉप्टर वापरावा.

चार्ज कधी करावा याबद्दल सल्ले पुष्कळ ऐकू येतात आणि त्यातले बरेच जुने झाले आहेत. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी हा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम-आयनला तशी स्मृती नसते, उलट पूर्ण उतरणे तिला बाधते. वीस-तीस टक्के उरले की लावावा, भरला की काढावा, एवढे पुरे.

चार्जिंगच्या फेऱ्या मोजत बसण्याचेही कारण नाही. शून्यापासून शंभरपर्यंतची भर म्हणजे एक फेरी. पन्नास-पन्नास टक्के दोनदा भरले तरी ती एकच. सर्वसाधारणपणे तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते असे धरतात. फोन रोज चार्ज होतो, त्याला हा हिशेब दीड-दोन वर्षांत लागू पडतो. दहा दिवसांनी एकदा चार्ज होणाऱ्या बँडच्या मात्र वर्षाला छत्तीसच फेऱ्या होतात; पाचशे व्हायला तेरा वर्षांहून जास्त लागतील. तरीही तीन-चार वर्षांत बँड दमतात. याचा अर्थ बँडची बॅटरी वापराने फारशी झिजत नाही. बँडला म्हातारा करतात ती उष्णता, घाम आणि ड्रॉवरमधला मुक्काम.

उष्णता आधी. बॅटरी वापरात नसतानाही आतल्या रासायनिक क्रिया चालूच असतात आणि तापमानाबरोबर त्यांचा वेग वाढतो. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात ठेवणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार. लिथियम-आयन बॅटरी साधारण शून्य ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करावी असे मानतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पाराच पंचेचाळिशी गाठतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापते. तिकडच्या उन्हाळ्यात बँड पहाटे किंवा रात्री, पंख्याखाली चार्ज करावा. थंडीचा त्रास वेगळा. हिमालयात ट्रेकला गेल्यावर बर्फात चाळीस टक्के दाखवणारा बँड एकाएकी बंद पडतो आणि तंबूत ऊब मिळाली की पुन्हा जिवंत होतो. यात नुकसान नाही. पण शून्याखाली चार्जिंग केले तर लिथियम धातूच्या रूपात साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. तिथे आधी बँड गरम कपड्यांत ठेवावा, मग वायर लावावी.

घामाकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते. बँडच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके असतात. चार्जरच्या पिना चुंबकाने ओढल्या जाऊन त्यांच्यावर टेकतात. या ठिपक्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. दोन-चार महिने न पुसलेला बँड उजेडात तिरका धरून पाहावा : ठिपक्याभोवती तपकिरी कड, तिच्यात त्वचेचा मळ आणि साबणाचा थर, आणि क्वचित हिरवट डाग. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, तोच हा प्रकार. घामातले मीठ आणि ओलावा ठिपक्यांवर असताना चार्जर लावला की वीज त्या ओलाव्यातूनही वाहते आणि धातू खाल्ला जातो. मुलामा एकदा फाटला की खालच्या धातूला गंज चढायला वेळ लागत नाही. चार्जर नीट बसत नाही, टक्के वाढत नाहीत, हात लावून दाबून धरले तरच चार्ज होते, ही सगळी लक्षणे बॅटरीची समजली जातात आणि चांगला बँड फेकला जातो. पुष्कळदा दोष फक्त या ठिपक्यांचा असतो. धावून आल्यावर किंवा आंघोळीनंतर बँड मऊ कापडाने पुसावा, पूर्ण कोरडा झाल्यावरच लावावा. मळ साचला असेल तर कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने फिरवावे. चार्जरच्या पिनाही तशाच पुसाव्यात. सुई, ब्लेड, पॉलिशपेपर यांनी खरवडू नये, मुलामाच निघून जातो. कोकणातल्या पावसाळ्यात, कपडेही वाळत नाहीत तेव्हा, हे दर आठवड्याला करणे बरे. आणि बँड हातावर असताना चार्ज करू नये.

ड्रॉवरमधला मुक्काम. नवा बँड आला की जुना तसाच टाकला जातो, बहुधा उतरलेला. बंद दिसणारा बँडही आतल्या घड्याळासाठी किंचित वीज खातच असतो. व्होल्टेज फार खाली गेले की आतले तांबे विरघळू लागते आणि नंतर चार्ज केले तरी बॅटरी पूर्वीसारखी होत नाही. बरेच महिने बाजूला ठेवायचा तर पन्नास टक्क्यांच्या आसपास भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा आणि तीन महिन्यांनी एकदा पाहावा. पार मेलेला वाटणारा बँड चार्जरला लावल्या लावल्या टाकून देऊ नये. सुरुवातीला सर्किट फार थोडा प्रवाह सोडते, त्यामुळे पडदा उजळायला अर्धा तास किंवा जास्तही लागू शकतो.

वीज वाचवायची तर सतत चालू राहणारा पडदा, रात्रभराचे ऑक्सिजनमापन आणि जीपीएस यांवर लक्ष ठेवावे. सर्वांत जास्त खाणारा जीपीएस. नाडीमापन बंद करण्यात मात्र अर्थ नाही, बँड घेतला तोच त्यासाठी.

चार्जरची वायर दुसऱ्या मॉडेलची असेल तर दिसायला सारखी असूनही पिनांची जागा वेगळी असू शकते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरे यांना यूएसबी-सी सक्तीचे केले, पण बँड आणि घड्याळे त्या यादीत नाहीत. त्यामुळे मूळ वायर जपून ठेवावी.

पडदा कडेने उचलला गेला, पाठ फुगली किंवा चार्ज होताना चटका बसेल इतका बँड तापला, तर तिथेच थांबावे. फुगणे म्हणजे आत वायू धरला आहे. दाबून बसवू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. मार्च २०२२मध्ये अमेरिकेत फिटबिट आयॉनिक हे घड्याळ परत मागवण्यात आले, त्याचे कारण बॅटरी तापणे हेच होते : तिथे सुमारे १० लाख घड्याळे विकली गेली होती, तापल्याच्या ११५ आणि भाजल्याच्या ७८ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या.

बाद झालेला बँड ओल्या-सुक्या कचऱ्यात जाता कामा नये. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर बॅटरी पेट घेऊ शकते. फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह त्याच्यावर असते ते यासाठीच. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-कचरा संकलन केंद्रावर बँड तसाच, न उघडता द्यावा.